आत्याच्या बागेतले दोन ढेकूण

भाद्रपद सरायला आला की उदगीरच्या चौकात सीताफळाच्या पाट्या लागतात. लोक फळ दाबून बघतात, गोड आहे का विचारतात, भाव पाडतात. मी फळ उचलते आणि त्याच्या डोळ्यांमधल्या फटीत बघते. तिथं पांढरं काही आहे का. पाटीवाली वैतागते. घेणार आहेस का नुसतीच तपासणार, असं विचारते. मला मात्र त्या फटी स्वच्छ दिसल्या की कुणाची तरी पाठ दिसते. फळ असं निघायला कुणाला तरी पावसाळाभर झाडाखाली वाकावं लागतं, आणि ते वाकणं मी पाहिलेलं आहे.

दुष्काळ म्हटलं की लोकांना उन्हाळा आठवतो. भेगा पडलेली जमीन, हंड्यांची रांग. फोटोवाल्यांनाही तेच लागतं. मला आठवतो तो पावसाळा. कोरडा पावसाळा दिसायला अगदी पावसाळ्यासारखाच असतो, हीच त्याची लबाडी. ढग येतात. अंगाला गार वारा लागतो. दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं होतं. शेरडं आपणहून छपराखाली जाऊन उभी राहतात. मग काही होत नाही. शेरडं परत बाहेर येतात, आणि त्यांच्या तोंडावर फसवणूक झाल्याचा भाव असतो, असं मला तेव्हा वाटायचं. बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं वाचन सुरू झालं होतं. बाया पांढऱ्या लुगड्यात जाऊन बसायच्या. एरवी पत्र्यावर पाऊस वाजतो आणि वाचणाऱ्याचं अर्धं ऐकूच येत नाही. त्या वर्षी शब्द न् शब्द ऐकू आला. आत्या म्हणाली, एवढं नीट ऐकायचं नव्हतं बाई.

मी तेव्हा जिल्ह्यासाठी भांडत होते. अजून भांडते. उदगीरचा जिल्हा झाला पाहिजे, हे मी भिंतीवर लिहिलंय, माइकवर ओरडलेय आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला पटवलेय. बी.एस्सी. झाले ती प्राणिशास्त्रात, पण लिहायला शिकले ते पत्रकं. पत्रकाचं एक बरं असतं. त्याला एक शत्रू लागतो, एक मागणी लागते आणि खाली मुद्रकाचं नाव लागतं. मधे कुठं शंका लागत नाही. हा लेख लिहिताना मला त्याचीच अडचण होतेय.

आत्याचं गाव लातूर जिल्ह्याच्या अगदी काठावर आहे. घर ओढ्याच्या अलीकडं, उदगीर तालुक्यात. सीताफळाचा बाग ओढ्याच्या पलीकडं, देगलूर तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. आत्या सकाळी भाकरी बांधून जिल्हा ओलांडायची आणि दिवस मावळताना परत यायची. त्या साली पाहणीला इकडचे साहेब आले, ओढ्यापाशी थांबले आणि पलीकडचं आमच्यात येत नाही म्हणाले. तिकडचे साहेब आले असतील तर आत्याला कुणी कळवलं नाही, कारण तिकडं तिचं घर नाही. चपला भिजतील म्हणून थांबले म्हणावं, तर ओढ्यात पाणी तरी कुठं होतं. कोरड्या ओढ्यापुढं सरकार थांबलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून कुणी मला म्हणतं की पोरी, नवीन जिल्ह्यानं काय पोट भरतंय का, तेव्हा माझं डोकं फिरतं.

पण आत्याला जिल्ह्याचं काही पडलेलं नव्हतं. तिला जायचं नव्हतं, एवढंच. तिचा लेक विजय आणि सून हैदराबादला एका मोठ्या इमारतीवर कामाला होते. चिमणी नात मनू इथं आजी-आजोबाजवळ. विजयनं आखाडीला येऊन साफ सांगितलं होतं, या साली बागेला फळ आलं नाही तर दसरा झाला की टेम्पो आणतो, घराला कुलूप लावू, सगळेच तिकडं राहू. पोरगा वाईट बोलला नव्हता. काळजीनंच बोलला होता. आत्या मान हलवून हाव म्हणाली. मग बागेत जाऊन झाडाखाली बसली, आणि मामानं हाक मारली तरी उठली नाही. ती झाडं तिनं लावलेली. पहिली दोन वर्षं डोक्यावर पाणी आणून जगवलेली.

मामा म्हणजे आत्याचे मालक. आमच्याकडं आत्याच्या मालकाला मामाच म्हणतात. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्या पावसाळ्यात मी मामाला मनूवाचून पाहिलं नाही. आत्याच्या जुन्या लुगड्याचा झोळ करून तो तिला पाठीवर बांधायचा आणि तसाच खुरपायचा, पाणी ओढायचा. गावातले गडी हसायचे. बायकोचं काम पाठीला बांधून हिंडायलाय, म्हणायचे. मामा म्हणायचा, तुमी तुमची पाठ सांबाळा.

बागेच्या कडेला साधं मातीचं शेततळं होतं. त्यात मृगाच्या एका सरीचं पाणी थोडं साचलेलं. मी बादली भरायला उतरले आणि पायाच्या अंगठ्याला असं काही डसलं की बादली सोडून मी काठावर येऊन बसले. विंचू असंल म्हणून ओरडले. मामानं वाकून चिखलात हात घातला आणि तळहातावर एक चपटा, वाळक्या पानासारखा किडा मला दाखवला. तो मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. पाणढेकूण. कॉलेजात बाटलीत पाहिला होता, पण बाटलीतला चावत नाही.

त्याच्या पाठीवर अंडी होती. बाजरीच्या कणसासारखी दाटीनं, उभी चिकटवलेली. मामा म्हणाला, "गाभण हाय." मी म्हटलं, मामा, ही बाई नाही, हा बाप्या आहे. यांच्यात मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते आणि निघून जाते. पिल्लं निघेपर्यंत हाच ती वागवतो. पाण्याच्या वर येऊन त्यांना वारा देतो, परत खाली जातो. तोवर त्याला उडताही येत नाही, कारण पंख अंड्यांखाली दबलेले. मामानं बराच वेळ त्या किड्याकडं पाहिलं. मग पाठीवर झोपलेल्या मनूचा झोळ सारखा केला आणि किडा हळूच पाण्यात सोडला. आत्या लांबून म्हणाली, काय बगायलाव, तुमचा भाऊ हाय का त्यो.

दुसरा ढेकूण झाडावर होता. पिठ्या. सीताफळाचं फळ लिंबाएवढं झालं की याचा संसार सुरू होतो. डोळ्याडोळ्यांच्या फटीत पीठ सांडल्यागत पांढरं दिसतं. बोट लावलं तर चिकट. तो फळाचा रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. त्या गोडासाठी मुंग्या येतात, त्याला राखतात, त्याचे वैरी हुसकावतात. मग चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि फळ चुलीतून काढल्यासारखं होतं. पाऊस पडला तर तो थोडा धुऊन जातो. त्या साली धुणारं कुणी नव्हतं. फवारायचं तर पाणी हवं, आणि पाणी पंपात घालायचं का मुळाशी, हा प्रश्न आत्याला रोज सकाळी पडायचा. रोज सकाळी ती मुळाशी घालायची. तळाला बारीक भोक पाडून वात बसवलेलं एकेक मडकं झाडाजवळ पुरलेलं होतं. तेवढं भरायचं आणि पुढं जायचं.

मी आत्याला सांगितलं, तळ्यातला आणि झाडावरचा, हे दोघं एकाच खानदानातले आहेत. तिला ते मुळीच पटलं नाही. एक दिसतो पानासारखा, एक पिठासारखा. एक चावतो, एकाला तोंड तरी कुठाय. मी म्हटलं, दोघांनाही चावायला दात नाहीत. दोघांना सोंड. सोंड खुपसायची आणि रस ओढायचा. त्यावरून नातं ठरतं.

"सोंड तर हत्तीलाबी हाय," आत्या म्हणाली. "त्योबी तुज्या खानदानात घे मंग."

खरं सांगायचं तर मला ते दोघं पत्रकासाठी हवे होते. मी मजकूर लिहून आणला होता. आपल्या भागाचा रस शोषणारे हे पिठ्या ढेकूण, त्यांना राखणाऱ्या या मुंग्या, असं जोरदार काहीतरी. आणि त्याच्यासमोर आपला पाणढेकूण. साध्या पाण्यात राहणारा, डासांची पिल्लं खाणारा, लेकरं पाठीवर वागवणारा. माझ्या मते हे फार जमलं होतं. मी ते मामाला वाचून दाखवलं. मामा म्हणाला, तळ्यात त्यानं मासोळीची बोटुकली सोडली होती, ती सगळी याच पाणढेकणानं खाल्ली. धरून, सोंड खुपसून, आतलं पाणी करून पिऊन टाकली. वरची कातडी तेवढी तरंगत होती. म्हणजे शोषण करायला हाही काही कमी नव्हता. मग मी पिठ्याकडं भिंगातून नीट पाहिलं तर तिथंही माझी पंचाईत. पंख, उडणं, हिंडणं, सगळं नराला. पण नराला तोंडच नसतं, तो दोन दिवस उडतो आणि संपतो. मादीला पंख नाहीत. ती एकदा बसली की जागा सहसा सोडत नाही. अंगातून कापूस काढते, त्याच्या थैलीत अंडी ठेवते आणि त्यांच्यावरच वाळून जाते. कुठल्याही बाईनं वेचलेल्या कापसापेक्षा तिचा कापूस मऊ असतो.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती फळ पुसत होती. हातातली चिंधी थांबली. गरीब हाय बिचारी, म्हणाली. मग म्हणाली, पर माज्या फळावर नगं. आणि पुसून टाकली.

मला आजही याहून बरं काही सुचलेलं नाही. ज्याच्याशी लढायचं त्याला राक्षस ठरवल्याशिवाय माझा हात उठत नाही. आत्याचा उठतो. तिला तिच्या फळाएवढं भांडण पुरतं.

त्याच दिवसांत जिल्हा मागणाऱ्या आमच्या समितीनं एक पराक्रम केला. मोर्चासाठी फ्लेक्स छापले. नवीन जिल्ह्याचा नकाशा, मधे समितीच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, खाली तालुक्यांची नावं. जिल्हा मोठा दिसावा म्हणून कुणीतरी त्यात नायगावही ओढलं. नायगाव पार नांदेडच्या अंगाला. तिथल्या लोकांचे फोन सुरू झाले की आम्हाला कुणी विचारलं, आम्ही काय तुमच्या घरचे पाहुणे आहोत का, ओढलं आणि पाटावर बसवलं. बाजूच्या गावांनीही मग हिशोब काढला की आपल्याला तरी कुणी विचारलं होतं. मोर्चाच्या आधीच फ्लेक्स उतरवावे लागले. इकडं आम्ही ओरडत होतो की आम्हाला न विचारता आमच्यावर रेघा ओढल्या, आणि पहिली संधी मिळताच आम्हीही तेच केलं. मी समितीच्या बैठकीत हे बोलले. मला चहा आणायला पाठवलं.

ते फ्लेक्सचे गुंडाळे ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी ते आत्याकडं नेऊन टाकले. छपरावर घालायला होतील म्हटलं. मामानं एक उलगडला, हात फिरवला. गुळगुळीत हाय, म्हणाला. पिठ्याची पिल्लं मातीतून खोडावरनं वर चढतात, मुंग्याही तिथूनच. खोडाला गुळगुळीत पट्टा बांधून त्यावर वंगण चोपडलं तर दोघांचीही वाट बंद. हे मला पुस्तकातून माहीत होतं, मामाला शेजारच्या आंब्यावरनं. पट्ट्याला प्लास्टिक कुठून आणायचं एवढंच अडलं होतं.

आम्ही तिघांनी मिळून अख्खा नवीन जिल्हा कातरला. मनू मामाच्या पाठीवरून कापलेले तुकडे मागत होती. झाडाझाडाला जिल्हा बांधला. एका झाडाला देगलूर, एकाला नुसतं गीर, एकाला झालाच पाहिजे. अध्यक्ष कुणाच्या वाट्याला हात जोडून आले, कुणाला नुसती मिशी आली. वर ट्रॅक्टरचं काळं वंगण. सांजच्याला बाग असा दिसत होता की कुठलीतरी सभा भरलीय आणि सगळे वक्ते एकदमच उठून उभे राहिलेत.

पंधरवड्यात फरक दिसला. पट्ट्याखाली मुंग्यांची गर्दी, वर कुणी नाही. वरती आधीच बसलेले पिठ्या ढेकूण आत्या चिंधीनं पुसत होती, आणि खालून नवीन येत नव्हते.

आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष दुष्काळाची पाहणी करायला आले. सोबत चार-पाच कार्यकर्ते. ओढा ओलांडून पलीकडं गेलेला पहिला मोठा माणूस, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते. बागेत शिरले आणि त्यांना स्वतःचं अर्धं तोंड दिसलं. मग आणखी एक. कपाळावर मुंगळे चिकटलेले. कार्यकर्ते माझ्याकडं बघायला लागले. मी झाडाकडं बघायला लागले.

आत्या पदर सारखा करून पुढं आली. "सायेब, तुमी उभं ऱ्हायल्यापासून एक मुंगळा वर चढंना," म्हणाली. "लई उपकार झाले."

तिनं हे टोमण्यानं म्हटलं नव्हतं, मनापासून म्हटलं होतं. अध्यक्षांनी वाकून स्वतःच्या कपाळावरचा एक मुंगळा नीट बघितला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, करुणा, निदान डोळ्यावर तरी लावू नका हो वंगण. एवढं बोलून त्यांनी आत्याच्या हातचा बिनसाखरेचा चहा घेतला. त्या दिवसापासून माझी या माणसाबद्दलची काही पत्रकी मतं मी मागं घेतली. सगळी नाही.

पाणी मात्र संपत आलं. तळ्याच्या मधोमध चुलीवरच्या काहिलीएवढं डबकं उरलं. बिनअंड्याचे पाणढेकूण एव्हाना उडून गेले होते, जिथं पाणी असेल तिथं. राहिले ते अंडीवाले. त्यांना जाता येत नव्हतं. डबक्यात पाणी कमी आणि तेच जास्त दिसत होते, वर येत, खाली जात, पोरांना वारा देत. मामानं बादली भरायची थांबवली. एवढं ऱ्हाऊ दे, म्हणाला.

आत्या-मामाचं भांडण मी तेवढं एकदाच ऐकलं. आत्याचं म्हणणं, त्या टोकाच्या झाडांची फळं सुकायलीत, त्यांना हे शेवटचं पाणी मिळालं नाही तर दसऱ्याला कुलूप ठरलेलंच. आत्या बोलत राहिली, झाडं मराय लागली अन् तुमाला ढेकनाची फिकीर, म्हणाली, तुमाला तर हैदराबादलाच जायचंय, पोराकडं खुर्चीवर बसायचंय. हे खोटं होतं आणि तिला ते माहीत होतं. मामाच्या पाठीवरची मनू जागी झाली आणि त्याच्या कानाशी खेळायला लागली. तो बादली हातात घेऊन तसाच उभा राहिला.

आत्या तणतणत घराकडं गेली. जिल्हा ओलांडून गेली आणि जिल्हा ओलांडून परत आली, डोक्यावर जुनं पितळी घंगाळ घेऊन. घंगाळ चिखलात ठेवलं, त्यात तांब्याभर पाणी ओतलं, चाळणी घेतली आणि एकेक पाणढेकूण उचलून त्यात सोडायला लागली. प्रत्येकाला शिव्या देत होती. मेल्या, बाप व्हायला हीच येळ घावली का तुला. ते तिला दोनदा तरी चावले. मग मामानं उरलेलं पाणी शेवटच्या झाडांना घातलं.

ते घंगाळ नंतर ओट्यावर राहिलं. टँकरच्या पिण्याच्या पाण्यातून आत्या रोज त्यात ओंजळभर टाकायची आणि कुणी बघितलं तर कोंबड्यांसाठी आहे म्हणायची. एका सकाळी मनू ओरडत आली. घंगाळात तिळासारखी पिल्लं पोहत होती, आणि बापांच्या पाठी रिकाम्या झाल्या होत्या.

सगळी फळं वाचली असं मी लिहिणार नाही. टोकाची दोन झाडं गेलीच. उरलेल्यांची फळं बारीक राहिली, मुठीत मावतील एवढी. पण फटी स्वच्छ होत्या. परतीचा पाऊस दोनदा येऊन गेला, उशिरा आणि उपकार केल्यासारखा. फळांनी डोळे उघडले.

दसऱ्यानंतर विजय टेम्पो घेऊन आला. मी त्या दिवशी तिथंच होते. आत्यानं ट्रंक भरलेली नव्हती, भांडी बांधलेली नव्हती. अंगणात पाल्यावर सीताफळं लावलेली होती आणि मामा रिकाम्या क्रेट पुसत होता. विजयनं अंगणातली फळं बघितली, क्रेट मोजल्या. मनू त्याच्या मांडीला बिलगली. मग त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. सामानाचं काय, असं एकदाच विचारलं. आत्या म्हणाली, सामान हाय तितंच बरं हाय, रिकामा टेम्पो न्हेऊ नगं. एवढ्यावर त्या पावसाळ्याचा निकाल लागला. त्यानं एक सीताफळ उचलून फोडलं, अर्धं मला दिलं, आणि आम्ही भरायला लागलो.

टेम्पो भरला. विजयनं कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन काढला. हैदराबादच्या बाजारात व्यापारी विचारतात, माल कुठल्या जिल्ह्याचा. त्यानं बापाला विचारलं, नांदेड लिहू का लातूर. मामानं आत्याकडं बघितलं. मला अर्थातच तिसरा जिल्हा सुचवायचा होता, आणि त्यामागची सगळी कारणंही.

"जिल्हा कोन खातंय," आत्या म्हणाली. "गोड हायत म्हनून लिव्ह."

मला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण माझं तोंड बियांनी भरलेलं होतं, आणि सीताफळ खाताना भाषण करता येत नाही.